साताऱ्याचे पारसनीस आणि त्यांचा कागदसंग्रह

(१)

मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल साधनें जमविण्याचें काम ज्यांनीं जन्मभर केलें, अशा तीन पुरुषांस काळानें तीन वर्षांच्या आंत ओढून नेलें. वासुदेवशास्त्री खरे १९२४ च्या जूनमध्यें मिरजेस वारले. दत्तात्रय बळवंत पारसनीस १९२६ च्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस गेले. आणि त्याच वर्षाच्या अगदीं अखेरच्या दिवशीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यास निवर्तले. पैकीं राजवाड्यांवर आजवर विपुल लिहिलें गेलें आहे, व यापुढेंहि लिहिलें जाईल. खरेशास्त्र्यांचें नांव संशोधकांच्या मंडळींत आदरानें उच्चारलें जातें. पारसनीसांची गोष्ट निराळी आहे. त्यांनीं छापलेलीं पत्रें प्रत्येक अभ्यासकाच्या उपयोगांत आहेत, परंतु त्यांचें नांव बहुधा तळटीपेंतच भेटतें. आणि तळटिपेच्या वर कोठें आलें, तर तें कौतुकापेक्षां कुरकुरीच्या सुरांत येतें.

तिघांच्या रीति तीन होत्या. खरेशास्त्री मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत व राहिलेल्या वेळांत पटवर्धनांच्या दप्तराशीं झुंजत. एकाच घराण्याच्या कागदांतून त्यांनीं १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग काढिले. राजवाडे पायपीट करीत गांवोगांव हिंडले व मिळेल त्या माळ्यावरून, मिळेल त्या पेटाऱ्यांतून कागद उचलीत गेले. पारसनीस साताऱ्यास आपल्या बंगल्यांत राहिले, राजे-सरदारांशीं व साहेबलोकांशीं स्नेह जोडीत राहिले, आणि कागद त्यांच्याकडे आले. ही तिसरी रीति हलकी होती कीं काय, आणि तिच्यापासून आजच्या संग्राहकांनीं काय घ्यावें व काय टाकावें, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हीं विचारास घेतला आहे. स्तुतिपाठ किंवा दोषपत्र यांपैकीं कांहींच लिहिण्याचा आमचा उद्देश नाहीं.

(२)

पारसनीसांचा विचार साताऱ्यापासून सुटा करतां येत नाहीं. १७०८ मध्यें शाहू छत्रपतींस येथें राज्याभिषेक झाला, व पुढें छत्रपतींची गादी अजिंक्यताऱ्याच्या छायेंतच राहिली. १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस येथेंच लहानसें राज्य दिलें आणि त्यांच्याजवळ ग्रांट डफ हा अधिकारी नेमला. मराठ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास लिहिणारा तो हाच. १८२२ पर्यंत तो साताऱ्यास होता. राज्यकारभार पाहत असतांनाच त्यानें कागद गोळा केले, व त्याचा ग्रंथ १८२६ मध्यें विलायतेंत प्रसिद्ध झाला. पुढें १८३९ मध्यें प्रतापसिंह पदच्युत झाले आणि १८४८ मध्यें राज्यच खालसा झालें.

राज्य गेलें म्हणजे प्रथम निरुपयोगी होतात ते कागद. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस अशीं ज्यांचीं आडनांवेंच लेखणीच्या कामावरून पडलीं, त्या घराण्यांच्या घरीं दप्तरें राहिलीं आणि काम संपलें. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार पाहणारा कारकून. आपल्या चरित्रनायकाचें आडनांवच अशा रीतीनें दप्तरांतून आलेलें आहे.

या कागदांवर दुसरा एक परिणाम झाला, त्याची आठवण संशोधकांस बहुधा राहत नाहीं. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामांची चौकशी सुरू झाली. ज्याच्यापाशीं सनद त्याचें इनाम टिकेल, नसेल त्याचें जाईल, असा तो प्रसंग होता. त्यामुळें जुन्या कागदास एकाएकीं किंमत आली, पण ती भीतीची किंमत होती. कोणता कागद उपयोगी पडेल व कोणता घात करील हें घरच्यांस कळेना. म्हणून कोणताच कागद परक्यास दाखवावयाचा नाहीं, अशी चाल घराण्याघराण्यांतून रूढ झाली. आमच्या शिक्षकीच्या काळांतहि विद्यार्थ्यांच्या घरीं 'जुने कागद आहेत का' असें विचारलें कीं पहिलें उत्तर 'नाहींत' असेंच येई, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटींत माळ्यावरच्या गांठोड्याची वार्ता निघे. ज्यास कागद जमवावयाचे होते त्यास प्रथम ही भीति जिंकावी लागे. पारसनीसांची खरी विद्या ही होती. त्यांच्यापाशीं विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. परंतु माणसाच्या मनांतील अढी सोडविण्याची हातोटी होती, आणि ती कोणत्याहि विद्यालयांत शिकवीत नाहींत.

(३)

दत्तात्रय बळवंतांचा जन्म १८७० च्या नोव्हेंबर महिन्यांतला. त्यांच्या बाळपणींच, १८७८ मध्यें, साने, मोडक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं 'काव्येतिहाससंग्रह' मासिक सुरू करून जुन्या बखरी व पत्रें छापण्याचा पायंडा घातला. त्याहिपूर्वीं, १८६७ मध्यें, नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं ग्रांट डफच्या ग्रंथावर टीका करून 'आमचा इतिहास आमच्या साधनांवरून लिहिला पाहिजे' या विचारास तोंड फोडलें होतें. तरुण पारसनीस या वाऱ्यांत वाढले. वयाच्या सतराव्या वर्षीं, १८८७ मध्यें, त्यांनीं 'महाराष्ट्र कोकिळ' नांवाचें मासिक काढिलें. ज्या वयांत मुलें परीक्षेच्या चिंतेनें व्याकुळ असतात त्या वयांत मासिक काढणें हा उतावळेपणा म्हणावा. पण हाच उतावळेपणा पुढें चिकाटींत परिणत झाला, हें त्यांच्या आयुष्यक्रमावरून दिसतें.

१८९४ मध्यें त्यांनीं झांशीच्या राणी लक्ष्मीबाईचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्या वेळीं ग्रंथकाराचें वय चोवीस वर्षांचेंहि नव्हतें, आणि राणी रणांत पडल्यास अवघीं छत्तीस वर्षें झालीं होतीं. विषय इंग्रजी राज्यांत निखाऱ्यासारखा होता. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १८८३ मध्यें लिहून झालेला असला तरी तो छापून बाहेर आला १९०७ मध्यें. म्हणजे मराठी वाचकाच्या हातीं राणीचें सविस्तर वृत्त प्रथम आलें तें या तरुणाच्या पुस्तकांतून.

या ग्रंथांत पारसनीसांची पुढील सर्व रीति बीजरूपानें दिसते. झांशीच्या किल्ल्यांतील इंग्रजांची १८५७ च्या जूनमध्यें जी कत्तल झाली, तिचा ठपका सरकारी कागदांनीं राणीवर ठेविला होता. पारसनीसांनीं राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव यांच्याकडून माहिती मिळविली आणि मार्टिन नांवाच्या इंग्रजानें १८८९ मध्यें दामोदररावांस लिहिलेलें पत्र छापलें. राणीचा त्या कत्तलींत कांहींएक हात नव्हता, असा त्या पत्राचा आशय आहे. तें पत्र एका घरांत होतें. घरचा माणूस तें परक्याच्या हातीं देण्यास तयार झाला, म्हणून तें इतिहासांत आलें. आणि पुढील काळीं राणीच्या वर्तनाचा विचार करणाऱ्या विद्वानांस त्याची दखल घ्यावी लागली. राणीनें शस्त्र नाइलाजानें धरिलें, हें जें मत ग्रंथकारानें मांडिलें, तें पुढील लेखकांपैकीं कित्येकांस पटलें नाहीं, आणि त्यावर वाद करण्यास जागा आहे. परंतु मत टिकलें नाहीं तरी पत्र टिकतें. संग्राहकाचें पुण्य तें हेंच.

(४)

१९०० मध्यें पारसनीसांनीं धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचें चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. धावडशी हें साताऱ्याजवळचें गांव. स्वामी म्हणजे शाहू छत्रपति, बाजीराव पेशवे व अनेक सरदार यांचे गुरु. १७२७ मध्यें जंजिऱ्याच्या सिद्दीच्या माणसांनीं चिपळुणाजवळील परशुरामाच्या देवस्थानाचा विध्वंस केल्यावर स्वामी कोंकण सोडून वर आले व धावडशीस राहिले. ते अनुग्रह देत, तसें कर्जहि देत. पेशव्यांसारख्या शिष्यास पैशाच्या तगाद्यानें मेटाकुटीस आणण्यासहि त्यांनीं मागेंपुढें पाहिलें नाहीं. त्यांच्या पत्रांत देवाच्या प्रसादाचा व व्याजाच्या हिशेबाचा उल्लेख एकाच शाईनें येतो, आणि त्यामुळेंच त्या काळाचें जिवंत चित्र त्यांत उमटलें आहे.

पारसनीसांनीं स्वामींस महापुरुष मानिलें. राजवाड्यांनीं आपल्या 'साधनां'च्या तिसऱ्या खंडांत याच विषयाचा परामर्श घेतला, आणि स्वामींच्या राजकारणी थोरवीविषयींचा सारा समज आपल्या स्वभावास अनुसरून कठोरपणें खोडून काढिला. हा वाद त्या काळीं गाजला. आज त्याकडे शांतपणें पाहतां असें वाटतें कीं, गुणदोषांच्या निवाड्यांत राजवाड्यांची दृष्टि अधिक तीक्ष्ण होती, व पारसनीसांची चरित्रकाराची भक्ति त्यांस आड आली. तथापि दोघांच्या हातांत पत्रें होतीं, आणि दोघांनींहि तीं छापलीं. म्हणून तिसऱ्यास दोघांचाहि न्याय करतां येतो. कागद दडवून ठेवून केलेल्या वादापेक्षां कागद छापून केलेला वाद केव्हांहि श्रेष्ठ.

(५)

येथून पुढें पारसनीसांच्या कामाचा विस्तार झपाट्यानें वाढला. 'भारतवर्ष' मासिक त्यांनीं १८९८ मध्येंच हातीं घेतलें होतें. बायजाबाई शिंदे यांचें चरित्र, मराठ्यांच्या आरमारावरील पुस्तक, हीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आलीं. मुंबईचे धनिक व कलासंग्राहक पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्याबरोबर त्यांनीं सरकारी दप्तरांतील सनदा, वतनपत्रें, निवाडपत्रें, कैफियती व तहनामे यांचे खंड संपादिले. दिल्लीच्या दरबारांतील मराठ्यांच्या वकिलांचीं पत्रें 'दिल्ली येथील मराठ्यांचीं राजकारणें' या नांवानें दोन भागांत काढिलीं. आणि १९०८ पासून १९१६ पर्यंत 'इतिहाससंग्रह' हें मासिक चालविलें, ज्याच्या पानांतून 'ऐतिहासिक टिपणें', 'ऐतिहासिक स्फुट लेख' इत्यादि माला बाहेर पडल्या.

या सर्वांच्या पाठीशीं जो ठेवा होता त्यांतील मुकुटमणि म्हणजे मेणवलीचें दप्तर. वाईजवळ कृष्णेच्या कांठीं मेणवली येथें नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे. नाना १८०० च्या मार्चमध्यें वारले. बारभाईंच्या कारस्थानापासून मृत्यूपर्यंत, सुमारें पंचवीस वर्षें, हिंदुस्थानांतील प्रत्येक दरबारची बातमी ज्या एका माणसाकडे येत होती, त्याचे हे कागद. सरकारी पेशवेदप्तर त्या काळीं अभ्यासकांस जवळ जवळ बंदच होतें. तें सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पंचेचाळीस खंडांच्या रूपानें प्रकाशांत आलें १९३० नंतर. तोंवरच्या पिढीस उत्तर पेशवाईच्या राजकारणाचें अंतरंग पाहावयाचें, तर मेणवलीचे कागद हा एक मोठा झरोका होता, आणि तो झरोका पारसनीसांनीं उघडला. मिरजेच्या पटवर्धनी दप्तरावरून खरेशास्त्र्यांनीं जें सैन्याच्या छावणींतून दाखविलें, तेंच नानांच्या दप्तरावरून पुण्याच्या मसलतखान्यांतून दिसूं लागलें. दोन्ही ताडून पाहिल्यावांचून त्या काळाचा इतिहास लिहितां येत नाहीं, हें सांगणें नलगे.

(६)

आतां माणसाविषयीं. साताऱ्यांतील त्यांच्या बंगल्याचें नांव 'हॅपी व्हेल', म्हणजे आनंदाची दरी. मोडी कागदांच्या रुमालांनीं भरलेल्या घरास हें विलायती नांव ठेवणारा गृहस्थ कसा असेल याची कल्पना नांवावरूनच यावी. राजवाड्यांची फाटकी बंडी व स्वयंपाकाचें भांडें यांच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या पिढीस संशोधक म्हणजे विरक्तच असला पाहिजे असें वाटतें. पारसनीस विरक्त नव्हते. त्यांस माणसें हवीं असत, मानमरातब आवडे, सरकारनें दिलेली रावबहादुरीची पदवी ते मिरवीत. राजेरजवाडे, सरदार, कलेक्टर, न्यायाधीश यांच्याशीं त्यांचा सारखाच घरोबा. किंकेड या सनदी नोकर साहेबाबरोबर त्यांनीं मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत तीन भागांत काढिला. १९१८, १९२२ व १९२५ हीं त्या भागांचीं वर्षें. त्यांतील इंग्रजी लेखणी किंकेडांची आणि साधनें पारसनीसांचीं.

आपल्या मुलुखाविषयींचा त्यांचा अभिमान मोठा होता. महाबळेश्वरावर त्यांनीं १९१६ मध्यें व जुन्या पुण्यावर १९२१ मध्यें इंग्रजींत सचित्र पुस्तकें लिहिलीं. सांगली संस्थानावर लिहिलें. हवा खाण्यास येणाऱ्या साहेबास तो ज्या डोंगरावर उभा आहे त्याचा इतिहास सांगावा, हा हेतु क्षुद्र नाहीं. शाळा, ग्रंथालय, सभा यांच्यासाठीं धडपडणारे गृहस्थ प्रत्येक गांवांत असतात. गांवाचा भूतकाळ हीहि गांवाची सार्वजनिक मालमत्ता आहे व तिची निगा राखिली पाहिजे, असें वाटणारा एखादाच निघतो.

या राहणीवर टीका झाली. पारसनीस साहेबांच्या कलानें चालतात, कागद मिळवितात पण दुसऱ्यास दाखवीत नाहींत, असें पुण्याकडील मंडळींत बोललें जाई. या आक्षेपांत तथ्य मुळींच नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याच्या घरीं दप्तर, त्याच्या मर्जीवर अभ्यास, ही स्थिति चांगली नव्हे. परंतु दुसरी बाजूहि तोलली पाहिजे. ज्या संस्थानिकाच्या किंवा सरदाराच्या वाड्यांत राजवाड्यांस दारावरूनच परतावें लागलें असतें, तेथें पारसनीसांस पंक्तीस बसवून घेत. आणि पंक्तींतून उठतांना त्यांच्या हातीं एखादा रुमाल येई. इनाम चौकशीनें बसलेली जी भीति आम्हीं वर वर्णिली, ती सरकारचा स्नेही असलेल्या माणसापुढेंच प्रथम सैल व्हावी, यांत विपरीत असें कांहीं नाहीं. सर जदुनाथ सरकार यांनीं खरे, राजवाडे व पारसनीस या तिघांवरहि लिहिलें. परप्रांतींच्या त्या चिकित्सक इतिहासकारास तिघेहि स्मरणीय वाटले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

(७)

आमच्या मतें पारसनीसांचा खरा दोष निराळा आहे, आणि तो आजच्या प्रत्येक संग्राहकानें समजून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. त्यांनीं पत्रें छापलीं. पण अमुक पत्र कोणत्या घरांतून, कोणत्या रुमालांतून, कोणत्या कागदांच्या शेजारून उचललें, याचा तपशील त्यांच्या प्रकाशनांत क्वचितच सांपडतो. राजवाडे आपल्या प्रस्तावनांतून गांव, घर, दप्तराची अवस्था सांगत. पारसनीसांच्या वाचकास बहुधा पत्राचा मजकूरच काय तो मिळतो.

यांत हानि कोणती, असें नवीन संग्राहक विचारील. त्यास एक साधें उदाहरण देतों. पेशवाईंतील खासगी किंवा राजकारणी पत्राच्या शेवटीं 'छ' हें अक्षर, त्यापुढें एक अंक व मुसलमानी महिन्याचें नांव असतें. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे त्या चांद्र महिन्याची तारीख. वर्ष बहुधा नसतें. लिहिणारास व वाचणारास चालू वर्ष ठाऊक होतें, मग तें लिहिण्याचें प्रयोजन काय? सनदापत्रांत सुहूर सन अक्षरीं असतो: 'समान सितैन मया व अलफ' म्हणजे आठ, साठ, शंभर व हजार मिळून ११६८, आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इ. स. १७६७-६८ निघतें. परंतु पत्रांत ही सोय नाहीं. तेथें वर्ष ठरवावयाचें तें मजकुरावरून. आणि मजकूर मुका असेल तर शेजारच्या कागदांवरून. एका रुमालांत एका सालचे कागद बांधण्याची कारकुनाची शिस्त असे. त्यामुळें दोन वर्षयुक्त कागदांच्या मध्यें सांपडलेलें वर्षहीन पत्र आपला काळ आपणच सांगतें. तेंच पत्र सुंदर म्हणून, किंवा महत्त्वाचें म्हणून, वेगळें काढून दुसऱ्या फडताळांत ठेविलें, कीं तें कायमचें पोरकें होतें. मग विद्वानांनीं पुढें कितीहि वाद केला तरी कारकुनाच्या गांठीनें जें सांगितलें असतें तें कोणासच सांगतां येत नाहीं.

आम्हां संस्कृतज्ञांस ही गोष्ट दुसऱ्या वाटेनें परिचित आहे. मुळांत नाहीं तें लिहावयाचें नाहीं, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं केली. पोथीच्या संपादनांत प्रत्येक पाठ कोणत्या प्रतींतला हें सांगावें लागतें. न सांगितल्यास तो पाठ कितीहि गोड असो, प्रमाण धरीत नाहींत. पत्राच्या बाबतींत त्याचें घर व त्याचा रुमाल हीच त्याची प्रत होय.

मूळ कागद सार्वजनिक ठिकाणीं राहिला तर संपादकाच्या हातून झालेली हानि भरून काढतां येते, याचें उत्तम उदाहरण पूर्वीं उल्लेखिलेल्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचेंच आहे. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें तो छापतांना त्यांत पुष्कळ फेरफार केले. परंतु मूळ हस्तलिखित त्यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलें; म्हणून दत्तो वामन पोतदारांस १९६६ मध्यें गोडसे भटजींचा अस्सल मजकूर जसाच्या तसा प्रसिद्ध करतां आला. मूळ प्रत वैद्यांच्याच घरीं राहून नष्ट झाली असती, तर आपण आजहि वैद्यांची भाषा गोडसे भटजींची म्हणून वाचीत बसलों असतों.

(८)

पारसनीसांस आपल्या संग्रहाचें भवितव्य कळत नव्हतें असें नाहीं. आयुष्याच्या अखेरच्या काळांत त्यांनीं तो साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालयाच्या रूपानें स्थापन केला. कागदांबरोबर चित्रें, नकाशे, नाणीं हींहि त्यांत होतीं. एका लहान गांवांत, छत्रपतींच्या जुन्या राजधानींत, मराठ्यांच्या इतिहासाचें संग्रहालय असावें ही कल्पना त्या काळीं अपूर्वच म्हणावी लागेल. घरचें दप्तर गांवचें व्हावें या दिशेनें पडलेलें तें पाऊल होतें, आणि 'कागद दडविले' या आक्षेपास त्यांनीं दिलेलें उत्तर म्हणून आम्ही त्याकडे पाहतों.

पण माणूस गेला आणि संस्था पोरकी झाली. १९३९ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजाचें पुनरुज्जीवन संशोधनसंस्थेच्या रूपानें झालें, तेव्हां सातारचा हा संग्रह तिकडे हलविण्यांत आला. तेथें तो टिकला. मेणवलीचे कागद अभ्यासकांस आज पाहतां येतात ते या स्थलांतरामुळें. साताऱ्यासच पडून राहते तर वाळवीनें व कसरीनें त्यांची काय दशा केली असती, हें सांगावयास नको. म्हणून स्थलांतर चुकीचें झालें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सातारा त्या दिवशीं रिता झाला हेंहि खरें. छत्रपतींच्या गांवांतील मुलास आपल्या गांवाचे कागद पाहण्यास दुसऱ्या जिल्ह्यांत जावें लागूं लागलें.

याच्या उलट धुळ्याचें पाहावें. राजवाड्यांनीं देह ठेविल्यावर दहा दिवस होतात न होतात तोंच, १९२७ च्या जानेवारींत, तेथील मंडळींनीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापिलें व त्यांचे कागद गांवांतच राखिले. ज्यानें घर केलें नाहीं त्या फकिराचा ठेवा लहान गांवांत राहिला. ज्यानें घर, बंगला, संग्रहालय सर्व कांहीं केलें, त्याचा ठेवा गांवाबाहेर गेला. आम्ही याचें कारण असें लावितों कीं, पारसनीसांचा संग्रह त्यांच्या एकट्याच्या प्रतिष्ठेवर उभा होता, आणि राजवाड्यांच्या मागें, त्यांच्या साऱ्या तऱ्हेवाईकपणासह, मंडळ्या उभ्या राहिल्या. १९१० मध्यें पुण्यास मेहेंदळ्यांच्या साह्यानें त्यांनींच भारत इतिहास संशोधक मंडळाचा पाया घातला होता. स्नेहानें कागद मिळतात. ते टिकविण्यास मात्र संस्था लागते.

मोठ्या नगरांतहि सर्व निर्भय असतें असें नाहीं. २००४ च्या जानेवारींत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जो हल्ला झाला, त्याची आठवण वाचकांस असेलच. एका ठिकाणचा कागद, मग तें ठिकाण कितीहि थोर असो, एका आपत्तीच्या अंतरावर असतो.

म्हणून ज्यांच्या घरीं आज दप्तरें आहेत, किंवा जे तीं मिळविण्याच्या खटपटींत आहेत, त्यांस आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, रुमाल सोडण्यापूर्वीं तो जसा आहे तशी त्याची याद करावी, आणि प्रत्येक कागदाच्या मागें रुमालाचा व कागदाचा अनुक्रमांक शिसपेनीनें घालावा. शाईनें कधींहि नव्हे. दुसरी, कागद कोणत्या गांवच्या कोणत्या घरचा हें यादींत नोंदावें. घरच्यांची इच्छा नसेल तर ती नोंद निदान बंद पाकिटांत तरी ठेवावी. तिसरी, मोठ्या संस्थेकडे संग्रह देतांना त्याची याद व छायाचित्रें गांवच्या वाचनालयांत ठेवूनच द्यावीं. आज छायाचित्रण इतकें सुलभ झालें आहे कीं खर्चाची सबब चालणार नाहीं. चौथी, एखादें पत्र आपल्या मतास अनुकूल म्हणून छापलें, तर त्याच्या शेजारचें प्रतिकूल पत्रहि छापावें.

पारसनीसांपाशीं पहिल्या दोन गोष्टींची कमतरता होती, तिसरी त्यांच्या काळीं शक्य नव्हती. तरीहि भयानें बंद झालेलीं कित्येक घरें त्यांनीं उघडविलीं, आणि मिळालेलें पुष्कळसें आपल्या हयातींतच छापून टाकिलें. आजच्या संग्राहकांपैकीं किती जणांस आपल्याविषयीं एवढें म्हणतां येईल? डेक्कन कॉलेजांत पडलेल्या त्या रुमालांची मूळ घरें व मूळ क्रम शोधून काढण्याचें काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे. सातारा-वाईकडील एखाद्या तरुण अभ्यासकानें, जुन्या घराण्यांच्या आठवणी विचारून व 'इतिहाससंग्रहा'चे अंक समोर ठेवून, तें हातीं घ्यावें, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठीं लागणारी मोडीची तालीम देण्यास आमच्यासारखे निवृत्त शिक्षक अद्याप कांहीं थोडे आहेत.